निवृत्तीचे घर आणि उल्हासचे पाणी

निवृत्तीनंतर मुंबईतील खोली विकून ठाण्यापलीकडे, कल्याण-डोंबिवली-बदलापुरात घर घेणारे पुष्कळ. स्टेशन किती दूर, भाव काय, हे पाहिले जाते. नदी सहसा हिशेबात नसते.

वास्तविक कल्याण हे पाण्यानेच घडवलेले शहर. समुद्राची भरती उल्हासच्या खाडीतून इथवर चढते, म्हणून येथे बंदर झाले. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत. १६५७ मध्ये कल्याण घेतल्यावर शिवाजी महाराजांनी दुर्गाडी उभारला तो याच खाडीकाठी; पण उंचवट्यावर.

पावसाळ्यात हीच भरती वैरीण होते. वरून पूर येतो आणि खालून भरती त्याला अडवते. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सारी चर्चा मिठीची झाली. उल्हासने कल्याण-बदलापुरात घरे बुडवली, ते मागे पडले. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस याच नदीच्या पुरात अडकली.

पूररेषेच्या नकाशावरील निळी रेषा २५ वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. साठीत निळ्या रेषेच्या आत घर घेतले, तर ऐंशीपर्यंत एकदा तरी तेथे पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक भरते.