भयाची रोजनिशी

सी. पी. अँड बेरार ह्या नावाचा प्रांत आज भारताच्या नकाशावर कोठेही सापडावयाचा नाही. २६ जानेवारी १९५० रोजी त्याचे नाव मध्य प्रदेश झाले. १९५६ साली वऱ्हाड-नागपुराकडील मराठी जिल्हे त्यातून निघून मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाले. परंतु चित्रपटांच्या व्यापाऱ्यांना हे वर्तमान कोणी कळविलेच नाही, असे दिसते! त्यांच्या वह्यांत देशाची जी वाटणी आहे, तीत मुंबई, दिल्ली-उत्तर प्रदेश, निझाम, म्हैसूर ह्यांच्या पंगतीला ‘सी. पी. बेरार’ हा इलाखा अद्यापि मांडी घालून बसला आहे. विदर्भ, महाकोशल आणि छत्तीसगड हा मुलूख त्यात मोडतो, आणि त्याच्या देवघेवीचे एक मुख्य ठाणे म्हणजे अमरावती. मरून पाऊणशे वर्षे लोटली तरी ज्याला घर सोडवत नाही, त्याला भूत म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे? भुताखेतांच्या चित्रपटांना ज्या लहान लहान शहरांनी वर्षानुवर्षे पोसले, त्यांतील कित्येक ह्याच भुताच्या अंगणात आहेत.

ह्या चित्रपटांची आठवण होण्यास एक नवा नेम कारण झाला आहे. ऑक्टोबर महिन्यात रोज रात्री एक भयपट पाहावयाचा आणि झोपण्यापूर्वी त्याचे परीक्षण लिहून ठेवावयाचे. एकतीस रात्री, एकतीस चित्रपट, एकतीस परीक्षणे. चाल मूळची अमेरिकेतली. ३१ ऑक्टोबरला तिकडे भुताखेतांचा सण असतो, त्याची ही महिनाभराची पूर्वतयारी. पूर्वी असा नेम धरणाऱ्याला चित्रपटगृहाच्या मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागले असते. आता राजापेठेतील एखाद्या माडीवरच्या खोलीत बसूनही तो तडीस नेता येतो. महिनाभराचा नेम ही गोष्ट मराठी घराला नवी नाही. श्रावणात कहाण्या वाचल्या जातात, कार्तिकात काकडआरतीला लोक उठतात, आणि वऱ्हाडात तर भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी महिनाभर म्हणतात. नवल आहे ते नेमाच्या विषयाचे. भक्ती रोज केली तर वाढते असे म्हणतात. भीतीचे काय? ती तर पहिल्या भेटीचीच वस्तू. पहिल्या रात्री दार करकरले की अंगावर काटा येतो. दहाव्या रात्री त्याच दाराला तेल घालावेसे वाटते. मग सतराव्या रात्री प्रेक्षक पाहतो तरी काय, आणि त्याच्या लिहिण्याला मोल ते कोणते?

ह्या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडच्या चित्रपटगृहांच्या इतिहासात शोधल्यास एक चमत्कारिक गोष्ट हाती लागते. भयपटाचे रोजच्या रोज परीक्षण करण्याची पद्धत तेथे फार दिवसांची आहे. फक्त ते परीक्षण आकड्यांत होत असे. चित्रपट वितरकाच्या कचेरीतून पेटीत भरून निघे. हजार फुटांचे एक रीळ सुमारे अकरा मिनिटे चाले, आणि हिंदी चित्रपटाची तेरा-चौदा किंवा अधिक रिळे पत्र्याच्या डब्यांत घालून ती जड पेटी बडनेऱ्याच्या गाडीने नाहीतर मोटारीने गावोगाव जाई. बडनेऱ्याकडून अमरावतीत शिरणारी सडक राजापेठेवरून येते. पुष्कळदा पेटीबरोबर वितरकाचा प्रतिनिधीही जाई. त्याचे काम चित्रपट पाहण्याचे नव्हे, पाहणारे मोजण्याचे. प्रत्येक खेळाला कोणत्या वर्गाची किती तिकिटे गेली, करमणूक कर वजा जाता काय उरले, ह्याचा तक्ता रोजच्या रोज कचेरीकडे रवाना व्हावयाचा. धंद्यातले लोक त्याला ‘डेली कलेक्शन’ म्हणत. दुपारचा खेळ ओस आणि रात्रीचा भरलेला, शुक्रवारी गर्दी आणि सोमवारी शुकशुकाट, हे सारे त्या तक्त्यात उमटे. लोक काय पाहून घाबरले, कोठे हसले, कोठे उठून गेले, ह्याविषयी मात्र त्यात अक्षर नसे. ते ठाऊक असावयाचे एकट्या ऑपरेटरला. भिंतीतल्या चौकोनी भोकातून तोच चित्रपट दिवसातून तीन-चार वेळा त्याच्या डोळ्यांखालून जाई, आणि तुटलेली पट्टी कात्रीने छाटून जोडणेही त्याच्याच हाती असे. महिनाभर रोज भयपट पाहण्याचा पराक्रम ह्या माणसाने कितीतरी आधी केला. त्याचे मत कोणी विचारले नाही.

छापील परीक्षणांची स्थिती ह्याहून वेगळी होती, परंतु बरी नव्हती. १९४९ साली ‘महल’ आला, तेव्हा त्याच्या वाट्याला उपेक्षा आली नाही. बाँबे टॉकीजसारखी संस्था, कमाल अमरोहींचे दिग्दर्शन, अशोककुमार आणि मधुबाला, खेमचंद प्रकाशांचे संगीत आणि लता मंगेशकरांचा त्या वेळी नवा असलेला आवाज. शिवाय जोसेफ विर्शिंग ह्या जर्मन छायालेखकाने अंधाराशी केलेली मैत्री. परंतु ‘महल’मधले भूत अखेर भूत निघत नाही; मागे हाडामांसाची स्त्री असते. पुढे १९६२ च्या ‘बीस साल बाद’मध्ये आणि १९६४ च्या ‘वह कौन थी?’मध्येही हाच मार्ग पत्करला गेला. सुशिक्षित प्रेक्षकाला तीन तास भिववावे आणि घरी पाठविताना त्याची बुद्धी त्याला परत करावी, अशी ती सभ्य तडजोड होती.

ही तडजोड मोडली रामसे कुटुंबाने. फत्तेचंद रामसिंघानी हे कराचीचे. फाळणीनंतर ते मुंबईस आले आणि रामसे ह्या सुटसुटीत नावाने चित्रपट काढू लागले. त्यांचा १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ पडला. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरीस येतात असा एक प्रसंग होता, आणि काही प्रेक्षक तेवढ्याकरिता तिकीट काढतात, हे मुलांच्या ध्यानी आले. पडलेल्या चित्रपटाच्या खेळांना जाऊन बसावे, कोण केव्हा आत शिरतो आणि केव्हा उठतो ते पाहावे, आणि त्यावरून पुढचा डाव टाकावा, हे परीक्षणच होय. पुष्कळ छापील परीक्षणांपेक्षा बारकाईचे. त्यातून १९७२ चा ‘दो गज ज़मीन के नीचे’ निघाला. सात भाऊ, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्याला, किरण ध्वनीला, कुमार लेखनाला, अर्जुन संकलनाला, केशूचा हात जेथे लागेल तेथे. साऱ्यांनी महाबळेश्वरी मुक्काम ठोकला आणि थोडक्या दिवसांत, थोडक्या पैशांत चित्रपट पुरा केला. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’ने तर त्या वर्षीच्या मोठ्या कमाईच्या चित्रपटांत जागा मिळविली. त्यातला सामरी हा राक्षस रंगविणारे अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने अभियंते होते! ह्या चित्रपटांत भूत हे भूतच असे. त्याचा खुलासा नसे. त्रिशूळ, क्रूस, नाहीतर अग्नी ह्यांनी त्याचा निकाल लावला जाई. कमाईचा मोठा भाग लहान शहरांतून येई, आणि मोठ्या शहरांतले टीकाकार त्यांचा उल्लेख करीत तो बहुधा टवाळीपुरता.

रामसे बंधूंचे चित्रपट थोर कलाकृती होते असे कोणी म्हणू नये. त्यांतले विनोदी प्रसंग आज बसवत नाहीत, गाणी कोठेही घुसतात, आणि धुके सोडणारे यंत्र कधी कधी कथेहून अधिक कामास येते. परंतु वाईट म्हणावयासही पाहावे लागते. येथे न पाहताच निकाल दिला गेला, हा खरा अन्याय होता. त्याचा परिणाम पुढे दिसला. हक्काची मुदत संपली की प्रती मोडीत निघत. ज्या उरल्या त्यांत सेन्सॉरची कात्री आणि गावोगावच्या जोडण्या ह्यांमुळे दृश्ये मध्येच अडखळत. कोणत्या खेळात काय होते आणि काय गळले, हे सांगणारे परीक्षण वर्तमानपत्राच्या एखाद्या जुन्या अंकात असते, तर मोठे काम झाले असते.

भीतीला हलक्या रसांच्या ओळीत बसविण्याची ही खोड आली कोठून? भरताने भयानकाला आठ रसांत जागा दिली. त्याला काळा वर्ण आणि कालदेवता दिली. अभिनवगुप्ताने रसास्वाद म्हणजे काय ते उलगडताना जे उदाहरण घेतले, तेही शृंगाराचे नव्हे. शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंताच्या रथापुढे जीव घेऊन पळणाऱ्या हरिणाचे आहे. ते भय हरिणाचे नाही, प्रेक्षकाचेही नाही. स्थळकाळाच्या बंधनातून सुटलेले ते निव्वळ भय आहे, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो, असे त्याचे म्हणणे. भयपट पाहून मांडीवरच्या पोराला घट्ट धरणाऱ्या आणि तरीही खुर्ची न सोडणाऱ्या प्रेक्षकाचे ह्याहून नेमके वर्णन पुढे कोणी केलेले नाही. विदर्भाला तर ह्या बाबतीत मिजास करावयास जागा आहे. भवभूतीचे पूर्वज विदर्भातल्या पद्मपूरचे, महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी हे गाव आमगावाजवळचे ठरविले, म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातले. त्याच भवभूतीने ‘मालतीमाधवा’च्या पाचव्या अंकात नायकाला मध्यरात्री स्मशानात नेऊन पिशाचांना नरमांस विकावयास उभे केले आणि अघोरघंट व कपालकुंडला ह्यांच्या हातून नायिकेचा बळी पडण्याची वेळ आणली. रंगमंचावर ह्यापुढे जाण्याचे रामसे बंधूंनाही क्वचितच साधले.

आणि ऐकून निकाल देण्याचा प्रघात? तोही घरचाच. ‘कथासरित्सागरा’तला राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. स्मशानातल्या झाडावरचे प्रेत खांद्यावर टाकून तो निघतो; प्रेतातला वेताळ वाटेत कथा सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले व्हावयाची, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. सदाशिव काशिनाथ छत्रे ह्यांनी १८३० साली ही ‘वेताळपंचविशी’ मराठीत छापविली, तेव्हापासून ती घरोघर वाचली गेली. त्यातल्या कथा स्वतः फारशा भीतिदायक नाहीत. भय आहे ते खांद्यावरच्या ओझ्याचे. परंतु राजाची स्थिती एकतीस रात्रींचा नेम धरणाऱ्याच्या स्थितीशी जुळती आहे खरी. पाठीवर प्रेत आहे, आणि तरीही न्याय तर्काने द्यावयाचा आहे. भीतीने बुद्धी गेली तरी चालणार नाही, आणि सवयीने भीती गेली तरी नाही. शेवटच्या कथेला राजाला उत्तर सुचत नाही. तो मुकाट्याने चालत राहतो, आणि वेताळ प्रसन्न होतो तो नेमका तेव्हाच.

सतराव्या रात्री प्रेक्षकाला काय दिसते, ते ह्यावरून ताडता येईल. दचकणे संपलेले असते. आता त्याला वाडा दिसतो, वाड्यात कोणी कोणाला पुरले ते दिसते, प्रत्येक शापाच्या मुळाशी एखादी जाळलेली बाई किंवा लुबाडलेले शेत कसे असते ते दिसते; कात्रीची खूणही दिसते. अशा पाहण्यातून अलीकडे ग्रंथ तयार होऊ लागले आहेत. रामसे कुटुंबावर शाम्य दासगुप्त ह्यांचे पुस्तक २०१७ साली निघाले, आणि २०२४ साली कार्तिक नायर ह्यांनी तर कापाकापी, विटलेल्या प्रती आणि रबरी मुखवटे ह्यांनाच पुरावा मानून मुंबईच्या भयपटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. न लिहिलेली परीक्षणे तीस-चाळीस वर्षांच्या उशिराने लिहिली जात आहेत.

मराठीत हा उशीर भरून काढण्याचे काम आधी कथेने केले. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांच्या भय-गूढकथा वाचनालयांतून हातोहात जात, आणि प्रतिष्ठित समीक्षा त्यांच्याकडे कानाडोळा करी. धारपांची अशीच एक कथा १९९३ साली नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राने राही अनिल बर्वे ह्यांना सांगितली. नागझिरा हे भंडारा-गोंदियाचे रान. भवभूतीच्या पद्मपुराशी त्याचा शेजार आहे. ती ऐकीव कथा पंचवीस वर्षे मुरून २०१८ साली ‘तुंबाड’ ह्या हिंदी चित्रपटाच्या रूपाने पडद्यावर आली. नाव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून सुचलेले, पाऊस कोकणचा, आणि हाव मात्र कोणत्याही गावची. पहिल्या खेपेस तिकिटांचा तक्ता बेताचाच राहिला. मग घरोघरच्या पडद्यांवर तो पाहिला गेला, पाहणारे लिहू लागले, आणि एकाने लिहिलेले वाचून दुसरा पाहू लागला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तोच चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत लागला, आणि ह्या दुसऱ्या फेरीची कमाई पहिलीच्या पुढे गेली.