कारखाना गेला, गाव राहिलं

न्यू जर्सीत राहायला आलो तेव्हा ‘बरो’ हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो घरपट्टीच्या गप्पांत. बरो म्हणजे एवढुसं गाव, पण स्वतःचा महापौर, स्वतःची कौन्सिल. इथे अशी गावं ढिगाने आहेत. त्यातल्या रूझवेल्टला मी गेलो तो लुई कानसाठी. अहमदाबादच्या आयआयएमची विटांची इमारत ज्याची, त्याने तरुणपणी आल्फ्रेड कास्टनर या आर्किटेक्टच्या हाताखाली इथली घरं आखली होती.

घरं पाहून निराश झालो, खरं सांगायचं तर. बुटकी, सपाट छपराची, खोक्यासारखी. मागे मात्र सगळ्यांची मिळून मोकळी हिरवी जागा.

ही घरं सरकारने बांधली. महामंदीचा काळ होता. न्यूयॉर्कच्या कोंदट खोल्यांत कपडे शिवणाऱ्या ज्यू कामगारांना इथे आणायचं, गावात कारखाना, शेती आणि दुकान, तिन्ही सहकारी. कल्पना बेंजामिन ब्राउन नावाच्या माणसाची, पाठिंबा साक्षात आइन्स्टाइनचा. प्रत्येक कुटुंबाने ५०० डॉलर भरायचे. मंदीत, शिवणकामाच्या मजुरीतून साठवलेले ५०० डॉलर! शिवणकामगारांच्या युनियनलाही हे आधी पटलं नव्हतं. शहरातली कामं बाहेर जातील ही भीती. मला ती भीती चुकीची वाटत नाही. मागे राहणाऱ्यांचं काय, याचं उत्तर ब्राउनकडे नव्हतं.

१९३६ मध्ये कारखाना सुरू झाला. १९३७ मध्ये जर्सी होमस्टेड्स या नावाने बरो झाला. आणि दशक संपायच्या आत सहकारी कारखाना बसला. जे कामगार मालक व्हायला आले होते, ते पुन्हा दुसऱ्यांकडे काम शोधायला बाहेर पडले. राहायचं इथे, कमवायचं भलतीकडे. उपनगर म्हणतात ते हेच की! फक्त हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं.

तरी लोक गाव सोडून पांगले नाहीत, याचं मला जास्त नवल वाटतं. चित्रकार बेन शान भिंतीवर चित्र काढायला आला आणि इथलाच झाला, १९६९ मध्ये जाईपर्यंत. त्याच्यामागे आणखी कलाकार आले. १९४५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट वारले, त्याच वर्षी गावाने त्यांचं नाव घेतलं. आज वस्ती आठशेच्या आसपास.

शानचं ते भित्तिचित्र गावच्या शाळेत आहे. एका टोकाला अमेरिकेत उतरणारे स्थलांतरित, त्यांच्यात आइन्स्टाइन. मध्ये वाकून शिवणारी माणसं. दुसऱ्या टोकाला टेबलावर गावाचा नकाशा पसरलेला, भोवती माणसं बसलेली. छोटी पोरं रोज त्याच्यासमोरून वर्गात जातात. मोठी झाली की शाळेसाठी शेजारच्या ईस्ट विंडसरला.