महार निवृत्त सैनिक, कोकणातील

महार निवृत्त सैनिक, कोकणातील : ब्रिटिशांच्या मुंबई लष्करातून निवृत्त होऊन मुख्यतः दापोली व महाड परिसरात स्थायिक झालेले सैनिक आणि त्यांनी उभारलेली हक्कांची चळवळ. कोरेगावच्या लढाईपासून (१ जानेवारी १८१८) महारांचा पराक्रम नोंदलेला होता. तरीही ठरावीक जमातीच लढण्यास योग्य मानणाऱ्या ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धांतामुळे १८९०च्या दशकाच्या आरंभी त्यांची भरती बंद झाली. मानाचा रोजगार गेला आणि पलटणीत शिकण्याची वाटही खुंटली. गावी अस्पृश्यता कायमच होती. दापोलीत पेन्शनरांना मुलांच्या शाळाप्रवेशासाठीही झगडावे लागले.

महाडजवळील रावढळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर (मृत्यू १९००) यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही अस्पृश्यताविरोधी पुस्तिका लिहिली. १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करण्यासाठी त्यांनी विनंतीअर्ज तयार केला. अशीच मागणी महार नेते शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये केली. पहिल्या महायुद्धात १११वी महार पलटण उभी राहिली, पण युद्धानंतर मोडण्यात आली. महार रेजिमेंटची स्थापना १९४१ मध्ये बेळगावला झाली. या परंपरेचे वारस सुभेदार रामजी सकपाळ यांचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत. १९२७च्या महाड सत्याग्रहात निवृत्त सैनिकांनी त्यांना साथ दिली.

लष्करी सेवेनंतरही हक्क नाकारले जाण्याचा असाच अनुभव अमेरिकेतही दिसतो. तेथे पहिल्या महायुद्धात लढलेल्या जपानी स्थलांतरितांना १९३५ मध्ये कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग मिळाला; मात्र दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सुमारे १,२०,००० जपानी वंशीयांबरोबर असे माजी सैनिकही छावण्यांत डांबले गेले. देशासाठी रक्त सांडूनही समान माणूसपण नाकारले जाणे, हा दोन्हीकडचा अन्याय होय.