स्टेशन वॅगनचा कोळसा

अमेरिकेत घरामागच्या अंगणात बार्बेक्यूची शेगडी पेटते, तिच्यात बरेचदा किंग्जफर्डचा कोळसा असतो. उशीच्या आकाराच्या, मुठीत मावणाऱ्या काळ्या वड्या. त्यांचा जन्म मोटारीच्या कारखान्यात झाला हे मला समजलं ते जुन्या लाकडी स्टेशन वॅगनींचा माग काढताना. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की १९५०च्या आसपासच्या अमेरिकी कुटुंबाची गाडी आणि त्याच कुटुंबाची शेगडी ही सख्खी भावंडं आहेत.

वॅगनचं मूळ सर्वज्ञात आहे: रेल्वे स्टेशनवरून उतारू आणि ट्रंका हॉटेलात पोचवणारी, फोर्डच्या मॉडेल टीच्या सांगाड्यावर लाकडी टप चढवलेली गाडी. १९२९मध्ये फोर्डने मॉडेल एची वॅगन स्वतःच विकायला काढली.

तिचं लाकूड यायचं मिशिगनच्या उत्तर भागातल्या आयर्न माउंटन गावाहून. १९२०च्या सुमारास हेन्री फोर्डने तिथली जंगलं विकत घेतली आणि सॉ मिल उभी केली. व्यवहार जमवून दिला एडवर्ड किंग्जफर्डने. तो त्या भागात फोर्डच्या गाड्या विकायचा आणि त्याची बायको फोर्डच्या नात्यातली बहीण. मिलमध्ये ढलप्या, फांद्या, भुशाचे ढीग साचू लागले. वाया काही जाऊ द्यायचं नाही हा फोर्डचा हट्ट. मग शेजारीच रसायनांचा कारखाना आला. बंद भट्टीत लाकूड भाजून त्यातून मद्यार्क आणि आम्ल काढायचं, उरलेला कोळसा दळायचा, खळीत कालवायचा, दाबून वड्या पाडायच्या आणि वाळवायच्या.

या वड्यांचा जनक कोण, यावर वाद आहे. लोकप्रिय कथा श्रेय देते फोर्डला, आणि सोबतीला कारखान्याचा आराखडा काढणारा म्हणून त्याचा मित्र एडिसन. मला ती पटत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या एल्सवर्थ झ्वॉयरने वडीच्या आकाराचं पेटंट १८९७मध्येच घेतलं होतं. लाकूड अखंड भाजत राहण्याची रीत ओरेगन विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ओरिन स्टॅफर्ड यांची. फोर्ड आणि एडिसन अनेकदा तंबू ठोकून एकत्र भटकायचे, त्या जोडीमुळेच एडिसनचं नाव इथे चिकटलं असावं. फोर्डचं खरं कर्तृत्व पुढचं आहे. त्याने कोळशाच्या पिशव्या आपल्या गाड्यांच्या शोरूममध्ये ठेवल्या, आणि १९३०च्या दशकात कोळशासोबत सुटसुटीत शेगडीचा सहलीचा संचही. म्हणजे गाडी घ्यायला आलेल्या माणसाला ती घेऊन जायचं कुठे आणि तिथे करायचं काय, हेही तिथेच मिळालं. डांबरी रस्ते गावोगाव पोचत होते, रविवारी कुटुंब तळ्याकाठी जाऊ लागलं होतं. हा काळ फोर्डने अचूक ओळखला.

वॅगन मात्र लाकडाच्या पायी अडचणीत आली. तिची बाजू जवळून पाहावी: बाहेर मेपलची फिकी चौकट, आत महोगनीची गडद फळी, कोपऱ्यात कुसू-सालीचा सांधा. फर्निचरचंच काम ते. पण या फर्निचरवर पाऊस पडतो. वॉर्निश वेळेवर दिलं नाही की पाणी सांध्यात शिरतं, लाकूड काळं पडतं, खडबडीत रस्त्यावर दारं कुरकुरतात. १९४९मध्ये प्लिमथने पूर्ण पोलादी सबर्बन वॅगन आणली आणि लाकडी टपाचे दिवस भरले. १९५१ संपताना आयर्न माउंटनचं लाकूडकाम थांबलं. त्याच वर्षी कोळशाचा धंदा फोर्डने विकला आणि त्याला किंग्जफर्डचं नाव मिळालं. पुढच्या वर्षीची फोर्डची कंट्री स्क्वायर वॅगन पोलादी होती, फळ्यांच्या जागी महोगनीच्या रेषा छापलेला पातळ पडदा चिकटवलेली. ते नकली लाकूड १९९१पर्यंत त्या नावासोबत टिकलं.

प्रतिपक्ष म्हणतो की अंगणातला बार्बेक्यू ही युद्धानंतरच्या उपनगरांची देणगी. १९५२मध्ये शिकागोच्या जॉर्ज स्टीफनने समुद्रातल्या बोयाचा धातूचा गोल कापून झाकणाची ‘वेबर’ नावाची शेगडी केली, तिथून खरी सुरुवात. उपनगरांनी अंगण दिलं आणि वेबरने झाकण, हे मान्यच. पण पिशवीतला कोळसा विकत घ्यायचा, डिकीत टाकायचा आणि घरच्यांना घेऊन बाहेर स्वयंपाक करायचा, ही सवय त्याआधी वीस वर्षं मोटारीच्या दुकानात लागत होती. स्टीफनच्या शेगडीला गिऱ्हाईक आयतं मिळालं ते त्यामुळे.