प्रौढ वयातली सुंता : टाक्यांनंतरचे सहा आठवडे

प्रौढ पुरुषाची सुंता ही साधारण अर्ध्या-पाऊण तासाची शस्त्रक्रिया आहे. जागा बधिर करून शिश्नाची पुढची कातडी काढतात, आतली आणि बाहेरची कडा विरघळणाऱ्या टाक्यांनी जोडतात आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. पुढे जखम कशी भरेल हे बरेचसे घरीच ठरते. तिवसा तालुक्यातल्या, वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपुरापासून अमरावती सुमारे 40 किलोमीटर दूर आहे. दर शंकेला तिथल्या डॉक्टरांपर्यंत जाणे कोणालाच परवडणारे नाही. म्हणून जखमेचा नेहमीचा क्रम कोणता आणि धोका कोणता, हे रुग्णाला आधीच माहीत असले पाहिजे.

मोठ्या वयात ही वेळ बहुधा फायमोसिसमुळे येते, म्हणजे कातडी आवळून मागे सरेनाशी होते. हा विकार आपल्या वैद्यकाला नवा नाही. सुश्रुतसंहितेत तो ‘निरुद्धप्रकश’ म्हणून येतो. त्यावर तूप लावलेली, दोन्ही टोकांना उघडी नळी घालावी आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घ्यावी, असा उपाय तिथे दिला आहे. आजही काही रुग्णांत आधी स्टेरॉइडचे मलम काही आठवडे लावून पाहतात आणि शस्त्रक्रिया टळते. पण चाळिशीनंतर कातडी नव्याने आवळू लागली, तिला चिरा पडू लागल्या, तर पहिला संशय मधुमेहाचा घ्यावा. लघवीतून साखर जाते आणि कातडीखाली बुरशी वाढते. डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधे तर साखर मुद्दाम लघवीवाटेच बाहेर काढतात. ती चालू असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. शुगर आटोक्यात नसताना केलेली जखम उशिरा भरते आणि पिकण्याचा धोकाही वाढतो.

आता जखमेचा क्रम. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते, निळसर डाग दिसतात, पट्टीवर रक्ताचे थोडे ठिपके पडतात. शिश्न पोटाकडे वर करून ठेवल्यास सूज लवकर उतरते. पट्टी साधारण एक-दोन दिवसांनी काढतात. उघडे पडलेले टोक कापडाच्या नुसत्या स्पर्शानेही झोंबते. ही संवेदना काही आठवड्यांत बोथट होते. टाक्यांच्या रेषेवर पिवळसर पातळ थर दिसला की लोक घाबरतात. दुर्गंधी, ताप आणि वाढती लाली नसेल तर तो बहुधा पू नसतो, भरणाऱ्या जखमेचाच थर असतो. तो खरवडू नये. त्यावर हळद, राख किंवा कडुनिंबाचा लेपही लावू नये.

रात्रीचा ताठरपणा हा सर्वांत मोठा त्रास, आणि त्याबद्दल आधी कोणी सांगतच नाही. निरोगी पुरुषाला झोपेत तो रोज अनेकदा येतो, त्यात मनातल्या विचारांचा संबंध नसतो. टाके ताणले जातात आणि कळ येऊन जाग येते. झोपण्यापूर्वी लघवी करावी, कुशीवर गुडघे मुडपून झोपावे, जाग आल्यास उठून चार पावले चालावे.

टाके दोन-तीन आठवड्यांत विरघळून पडतात, जखम भरली असे वाटते आणि इथेच फसगत होते. तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या पाव भागाइतकेच बळ आलेले असते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सहा आठवडे संबंध टाळायला सांगते. हस्तमैथुनही तेवढेच दिवस नको. जखम पुरती भरण्याआधी संबंध आल्यास ती उसवते आणि संसर्गाचा धोका पत्नीलाही होतो.

वऱ्हाडात आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पारा 45 अंशांपाशी जातो तेव्हा घाम जखम भिजवत ठेवतो. जीन्स बाजूला ठेवून सैल सुती लुंगी नेसावी आणि भरपूर पाणी प्यावे. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) बंद करावा, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पोचते. जखम मिटेपर्यंत नदीची आंघोळ नको, मग कौंडण्यपूरची कार्तिकातली यात्रा असली तरी. काही आठवडे सायकल-मोटारसायकल टाळावी, पोते उचलू नये. फवारणी तर नकोच. जांघेजवळची नाजूक कातडी धडधाकट असतानाही कीटकनाशक फार झपाट्याने शोषते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे इथे विसरता येत नाही.

ही पथ्ये पाळायला घरात कारण सांगावे लागते, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. लाजेपोटी माणूस ‘बरं नाही’ एवढेच म्हणतो आणि चौथ्या दिवशी शेतात डवऱ्यामागे चालू लागतो. निदान पत्नीला आणि शेतीत सोबत असणाऱ्या एकाला तरी स्पष्ट सांगावे.

रक्त वाहू लागले तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मधे उघडून पाहू नये. तरीही थांबले नाही, लघवी अडली, थंडी वाजून ताप आला, पू वाहू लागला किंवा टोक काळे पडू लागले, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा.