शिरूर व दौंड तालुक्यांतील परसबाग

परसबाग म्हणजे घराच्या परसात कुटुंबाच्या गरजेपुरती लावलेली भाजीपाला, फळे व फुले यांची बाग होय. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वार्षिक पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास असून त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. भीमा, घोड व मुळा-मुठा यांच्या काठी आणि कालव्यांखाली ऊस डोलत असला, तरी जिरायती गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. साहजिकच येथील परसबाग पाणी केव्हा द्यावे व केव्हा तोडावे या हिशेबावर चालते.

मृगाच्या पावसावर गवार, भेंडी व कुंपणालगत दोडका, कारले लावतात. दिवाळीच्या सुमारास मेथी, पालक, कोथिंबीर. मोरीच्या सांडपाण्यावर अळू व केळ बारमाही तगतात.

कंदवर्गीय पिके

कांद्याचे खरीप, रांगडा व रब्बी असे तीन हंगाम आहेत. खरीप कांदा टिकत नाही. घरच्या साठवणीसाठी रब्बीच लावावा. त्याची रोपे डिसेंबर-जानेवारीत वाफ्यात लावली की एप्रिलच्या सुमारास काढणी होते. काढणीपूर्वी सुमारे दोन आठवडे पाणी तोडतात. निम्म्या माना पडल्यावर कांदा उपटून पातीसह सुकवितात, म्हणजे मान मिटते व सड आत शिरत नाही. हा धीर न धरल्यास चाळीतला कांदा पावसाळ्यापूर्वीच सडू लागतो. शेजारच्या खेड तालुक्यात राजगुरुनगर येथे कांदा व लसूण संशोधन संचालनालय असून ‘भीमा शक्ती’, ‘भीमा किरण’ हे रब्बीला चालणारे वाण तेथलेच. लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोचतात. उशीर झाल्यास पुरेशी थंडी मिळत नाही व गड्डा लहान राहतो. मूळच्या मेक्सिकोतील निशिगंधाचे कंद मात्र एप्रिल-मेमध्ये लावले जातात. (अळूचा गड्डा व कांदा या दोहोंना बोलीत कंदच म्हणत असले, तरी वनस्पतिशास्त्रात अळूचा तो घनकंद होय.)

फळझाडे

लिंबू, पेरू, डाळिंब, सीताफळ, शेवगा ही येथील नेहमीची झाडे. बहार धरण्यासाठी लिंबू व डाळिंब यांना काही आठवडे पाण्याचा ताण द्यावा लागतो. मोरीशेजारच्या लिंबाला तो कधी मिळतच नाही. म्हणून पाला दाट, फळे थोडी, अशी त्याची गत होते. अशा झाडाचे पाणी चारीने केळीकडे वळविणे हा सोपा उपाय आहे. कालव्याखालील भारी काळ्या जमिनीत अतिपाण्याने क्षार वर येतात. तेथे पपई उंच गादीवाफ्यावर लावावी, कारण मुळाशी पाणी साचल्यास तिचे खोड बुंध्यातून कुजते.