प्रजासत्ताकदिनाचे पूर्वचरित्र

राष्ट्रीय सण बहुधा विजयानंतर जन्मास येतात. २६ जानेवारी मात्र प्रतिज्ञेतून जन्मली. लाहोरास राष्ट्रसभेने पूर्ण स्वराज्याचा ठराव केल्यावर २६ जानेवारी १९३० रोजी देशभर ती प्रतिज्ञा उच्चारली गेली. रहिमतपूर ज्या सातारा जिल्ह्यात वसले आहे, त्याने तिचे मोल रक्ताने चुकविले: ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूज येथील मोर्चावर गोळीबार होऊन परशुराम घार्गे प्रभृती धारातीर्थी पडले, पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच स्वीकृत झाली होती; तथापि ती पूर्णत्वाने अमलात आणण्यास दोन महिने थांबून तोच प्रतिज्ञेचा दिवस निवडण्यात आला. रहिमतपुरात झेंड्यास वंदन करणाऱ्या मुलांस हे दोन महिने का थांबलो, एवढे तरी वडीलधाऱ्यांनी अवश्य सांगावे.